आतल्या चाकाची हवा

आमच्या आळीतून नाकाडोंगरीपर्यंत गेलेल्या बाया दोनच, सासूबाई आणि मी. सासूबाईंना विचारलं तर त्या एवढंच सांगतात की मोटारीत उलटी झाली. म्हणून विहिरीवर बायका मला विचारतात. तिकडे जंगल कसं आहे, ट्रकात कसं बसता येतं, टोचन म्हणजे काय. चारजणींत बोलायला मला जमत नाही. दोन वाक्यं झाली की घागर उचलून मी घरी येते. जे सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं.

आणीबाणी उठली त्या सालचा उन्हाळा होता.

आसगाव सोडताना

माझ्या सासऱ्यांचे हातमाग होते. लुगडी विणून ते पवनीच्या बाजारात विकायचे. पुढे मागावर पोट भरेना, तेव्हा दोन्ही मुलं ट्रकवर गेली. दोघांत एक जुनी गाडी होती. मोठे म्हणजे माझे भासरे, आणि लहाने म्हणजे आमचे हे.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा, ते ओसरीवर असले तर मागच्या दाराने जायचं. काही सांगायचंच असलं तर दुसऱ्याच्या तोंडून. घरात तिसरं माणूस नसेल तर बाया भिंतीला सांगतात, आणि भासराही भिंतीलाच उत्तर देतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भासऱ्यांचा चेहरा मी नीट पाहिलेला नव्हता. त्यांचे पाय मात्र ओळखत होते.

आदल्या उन्हाळ्यात अड्याळजवळ गाडीचं मागचं टायर फुटलं. टायर नवीन होतं. भासरे म्हणाले, लहान्याने हवा जास्त मारली म्हणून फुटलं. हे म्हणाले, दादाने हवा सोडली म्हणून फुटलं. त्या गोष्टीवरून शब्द वाढत गेले. चुली वेगळ्या झाल्या, जुनी गाडी भासऱ्यांकडे राहिली, यांनी दुसरी जुनीच घेतली. एका अंगणात राहून दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत.

मग मे महिन्यात एका बसच्या कंडक्टरकडून निरोप आला. नाकाडोंगरीच्या पुढे खदानीवर माल भरायला जाताना यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. गाडी नाकाडोंगरीलाच रस्त्याकडेला उभी आहे आणि यांना ताप भरला आहे. तिथे एवढं मोठं काम करणारा मिस्त्री नव्हता. गाडी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला साखळीने बांधून ओढत, भंडाऱ्याला आणायला हवी होती.

सासूबाई ओसरीवर भासऱ्यांपुढे जाऊन बसल्या. मी दाराआडून ऐकत होते.

"जाशीन ना गा मोठ्या?"

"जाईन. गाडी काय रस्त्यावर ठेवता येते?"

"मंग मीबी येते."

"तू कायले?"

"तुमी दोघं रस्त्यात भांडान, आन् साखळी तोडून ठेवान. लहानीलेबी घेते सोबत."

"तिले काहून?"

"मले मोटारीत उलटी होते. मले कोण धरंन, तू?"

भासरे उठून गाडीकडे गेले. अशी मी निघाले.

रस्ता

ट्रकात बसायला आधी चाकावर पाय ठेवून वर चढावं लागतं. नऊवारीत ते सोपं नाही. सासूबाई मधे बसल्या, मी दाराकडे. भासऱ्यांनी गाडी सुरू केली तशी आमच्या पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायला लागली. पवनी सोडेपर्यंत मी डोळे मिटून होते.

आमचं बोलणं असं चाललं होतं.

"माय, तिले म्हणावं दार नीट लाव."

"दार नीट लाव वं."

मी दार ओढून घेतलं. "लागलं म्हणा."

"लागलं म्हणते गा."

तिघंही एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलो होतो, तरी प्रत्येक शब्द सासूबाईंकडून फिरून जायचा. थोड्या वेळाने त्या कंटाळल्या. "तुमाले कान नाईत का दोघाले?" म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन डोलायला लागल्या.

अड्याळजवळच्या वळणावर, टायर फुटलं होतं तिथे, भासऱ्यांनी गाडी जरा हळू केली. त्यांनी बाहेर पाहिलं नाही, मीही नाही.

पहेला गावात चहाला थांबलो. ऊन डोक्यावर आलं होतं. भासरे चहा घेऊन चाकांकडे गेले, नोझलमध्ये खिळा दाबून प्रत्येक चाकातून थोडी थोडी हवा सोडली. सुस्स असा आवाज येत होता. दुकानदाराला ते सांगत होते, "उन्हाळा हाय. रबर तापते, आतली हवा फुगते, मंग फुटते. थोडी सोडून देल्ली म्हंजे चिंता नाई." दुकानदाराने मान हलवली. आमच्या भागातले बहुतेक ड्रायव्हर असंच करायचे. मलाही ऐकताना ते खरंच वाटलं. भाताच्या भांड्यावरचं झाकण आपण सरकवतोच ना.

भंडाऱ्यात शिरताना पितळेच्या भांड्यांची ठोक ऐकू आली. जवाहरनगरच्या कारखान्याच्या बसगाड्या रांगेने जात होत्या, सगळ्या एकसारख्या. सासूबाई म्हणाल्या, "जशा काय एकाच मायच्या लेकी." पुढे माझं माहेर लागलं, मोहाडी. गाडी थांबली नाही. आमच्या घराकडे वळणारी वाट दिसली आणि मागे गेली. भासऱ्यांना थांबायला सांगायचं तर सासूबाईंना उठवावं लागलं असतं. त्या तेवढ्यातच उलटी होऊन झोपल्या होत्या.

तुमसरच्या पुढे जमीन बदलते. आमच्याकडे धानाच्या सपाट बांध्या आणि तलाव. तिकडे चढउतार, लाल-काळी माती, सागाची वाळलेली पानं आणि मधेच खदानीच्या दगडांचे काळे ढीग. धुळीलाही काळसर रंग असतो. नाकाडोंगरीला पोचलो तेव्हा पांढरं लुगडं नेसलेल्या सासूबाई राखेतून उठल्यासारख्या दिसत होत्या.

नाकाडोंगरी

आमचे हे एका चहाच्या दुकानामागच्या पडवीत झोपले होते. दुकान भिवाजी नावाच्या माणसाचं. त्याची बायको फुलाबाई. ती आमच्या यांना दोन वेळ पेज करून देत होती. सरकारी दवाखान्यातून हिवतापाच्या गोळ्याही तिनेच आणल्या होत्या. ओळख ना पाळख. मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, "सोड वं, मीच तुह्याहून लहान दिसते."

भाऊ भावाजवळ आला. हे उठून बसले. भासऱ्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि सरळ गाडीकडे जाऊन बॉनेट उघडलं. कसं आहे, काय झालं, सगळं त्यांनी गाडीला हात लावूनच विचारलं. परत येऊन सासूबाईंना म्हणाले, "माय, त्याले म्हणावं जॉइंट काढून ठेव. टोचन करताना चाक मोकळं पायजे."

"काढला म्हणा," हे म्हणाले.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

दुसरा दिवस तिथेच गेला. रिकामी गाडी ओढायला जोर धरत नाही, आणि तेवढ्या लांबून रिकामं यायचं तरी कशाला, म्हणून भासऱ्यांनी भंडाऱ्यासाठी बांबूचं भाडं धरलं होतं. डेपोवर बांबू भरणं चालू होतं. मला तेवढा गाव पाहता आला. तेंदूपत्त्याचे दिवस होते. बाया पहाटे जंगलात जातात, दुपारी दारात बसून पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी पुडे मोजून घेतात त्या फडावर नेऊन देतात. उन्हात वाळत घातलेल्या पुड्यांची लांबच लांब ओळ मी पाहिली. जेवायला तांदळाची भाकर, जवसाची चटणी आणि कुड्याच्या फुलांची भाजी होती. ती भाजी मी पहिल्यांदाच खाल्ली, जराशी कडू लागते. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मात्र पोटभर खाल्ली. भाजलेला मोह तिळाबरोबर कुटून फुलाबाईने लाडू केले होते, ते सासूबाईंनी गुपचूप पदरात बांधून घेतले.

फुलाबाईचे भासरे त्याच घरात राहायचे. ती त्यांच्याशी सरळ बोलायची, नुसती बोलत नव्हती, रागवायची. "लाकडं ओली आणली तुमी, आता डोळे फुटून राह्यले माहे," असं तोंडावर म्हणाली. ते निमूटपणे दुसरी लाकडं आणायला गेले. मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटत होती. मी तिला विचारलं, "तुमच्यात चालते हे?"

"न चालाले काय झालं? घर जळत असलं तर का मी भिंतीले सांगू?"

संध्याकाळी यांना काढा द्यायला गेले तेव्हा हे हळू आवाजात म्हणाले, "दादाच्या गाडीच्या मागच्या चाकाले मी टामी मारून पाह्यली. हवा कमी हाय."

टामी म्हणजे लोखंडी पहार. तिने चाक ठोकलं की भरलेलं चाक खणखणतं आणि कमी हवेचं भदभदतं, एवढं मला घरच्या अंगणात ऐकून ठाऊक होतं.

"मंग सांगा ना त्यायले."

"मी सांगितलं तर अजून सोडंन. तुले माहीत नाई का त्याचा सभाव?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांचं इंजिन बंद. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, सगळा जोर लावला तरी गाडी लवकर थांबत नाही. दोन गाड्यांच्या मधे फक्त साखळी. पुढच्या गाडीचं चाक फुटलं आणि ती एकदम अडकली, तर मागची तिच्यावर जाऊन आदळणार. मागच्या गाडीत हे असणार.

"म्हणून तू पाह्य. जिथं गाडी थांबंन तिथं उतर, चाकाले हात लाव. खरं पाहाचं ते आतलं चाक. मागं जोडीनं चाकं असतात. बाहेरचं दिसते, आतलं दिसत नाई. जोडीतला एक बैल बसला तरी दुसरा ओढत राह्यते, आन् मालकाले वाटते जोडी चालून राह्यली."

"आन् तापलं असलं तर?"

"मायले सांगजो. माय दादाले सांगंन."

गोबरवाहीचं फाटक

सकाळी साखळी लावली. निघायच्या वेळी सासूबाईंनी सगळा बेत मोडला. त्या मागच्या गाडीत चढून बसल्या. "लेकराले ताप हाय. मी त्याच्यापाशीच बसते."

भासरे खालून म्हणाले, "माय, टोचनवरच्या गाडीत बसू नये."

"मंग तो काहून बसला?"

मीही मागे बसावं म्हणून पुढे झाले तर भासरे आभाळाकडे पाहून म्हणाले, "तिथं चालवणाऱ्यासंग एकापरीस जास्त माणूस नको." सासूबाईंनी मला हाताने पुढची गाडी दाखवली. "जाय वं. कोण पाहून राह्यलं इथं जंगलात?"

मी पुढच्या गाडीत दाराला चिकटून बसले. मधल्या रिकाम्या जागेत मी माझं गाठोडं ठेवलं. समोर काचेच्या वर मोहाडीच्या चौंडेश्वरीची तसबीर होती. ती माझ्या माहेरची देवी. तिच्याकडे पाहत बसले.

टोचनवर गाडी बैलगाडीच्या चालीने जाते. थोडं पुढे गेलं की साखळी ताणून धक्का बसतो. मागे वळून पाहिलं तर बांबूच्या शेंड्यांमधून यांची काच दिसायची, माणूस दिसायचं नाही. ऊन चढत गेलं.

गोबरवाहीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. मी लगेच खाली उतरले. भासरे दुसऱ्या बाजूने उतरून फाटकवाल्याशी बोलायला पुढे गेले. मी आधी डावीकडची मागची चाकं पाहिली. बाहेरचं गरम होतं, आतलंही तेवढंच गरम. मग मागच्या बाजूने उजवीकडे गेले. बाहेरच्या चाकाला हात लावला, तसंच गरम. मग दोन्ही चाकांच्या मधल्या फटीतून हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. आतलं चाक तव्यासारखं होतं. जळक्या रबराचा वासही येत होता, पण तो फटीपाशी नाक नेल्यावरच.

मी सासूबाईंकडे जायला वळले तेवढ्यात मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. मागे उभ्या असलेल्या बसने आणि दोन ट्रकांनी हॉर्न धरले. भासरे चढून बसले. मी धावत गेले आणि चढले. गाडी हलली, साखळी ताणली गेली.

फाटकाच्या पुढे थोडा सपाट रस्ता आहे आणि मग लांब उतार. येताना मी तो चढ म्हणून पाहिला होता. खाली नाल्यावर अरुंद पूल.

मला फुलाबाईसारखं बोलता येत नव्हतं. सासूबाई नव्हत्या, भिंतही नव्हती. मी तसबिरीकडे तोंड केलं.

"देवी, मागचं आतलं चाक लय तापलं हाय."

इंजिनाच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार. भासऱ्यांना वाटलं मी देवीची प्रार्थना करते आहे. त्यांनीही स्टेअरिंगवरून एक हात उचलून छातीला लावला आणि देवीला नमस्कार केला.

उतार समोर दिसायला लागला होता. मी ओरडले म्हटलं तरी चालेल.

"देवी, उजव्या अंगाचं आतलं चाक तव्यावानी तापलं हाय. त्यातली हवा गेली हाय."

भासऱ्यांचे हात स्टेअरिंगवर थांबले. मग तेही तसबिरीला म्हणाले, "देवी, कोणतं म्हणते ते बराबर विचार."

"उजव्या अंगाचं. आतलं."

"हात लावला का म्हणावं."

"लावला."

"आत घालून?"

"हो जी," मी म्हणाले, आणि हे सरळ त्यांनाच म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. पदर पुढे ओढून घेतला.

त्यांनी ब्रेक दाबला नाही. आधी खिडकीतून हात बाहेर काढून तळवा खाली करून हलवला, हळू, हळू. मग एक गिअर खाली घेतला, मग आणखी एक. मागून यांचा हॉर्न एकदा वाजला, म्हणजे समजलं. साखळी ढिली पडून रस्त्यावर घासत असल्याचा आवाज आला. गाडी रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली थांबली. मी दार उघडून मागे पाहिलं. यांची गाडी अजून येतच होती. हे उभे राहिल्यासारखे होऊन ब्रेकवर वजन टाकत होते आणि सासूबाईंनी दोन्ही हातांनी समोरचा पत्रा धरला होता. गाडी आमच्या बांबूंपासून हातभर अंतरावर थांबली. तिथून उतार सुरू होत होता.

भासऱ्यांनी टामी घेतली. बाहेरचं चाक खणखणलं. आतल्या चाकावर टामी मारली तर भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. ते बराच वेळ तिथे उकिडवे बसून राहिले.

सासूबाई उतरल्या. "काय झालं गा?"

आमचे हे अंगावर चादर घेऊन आले, वाकून पाहिलं, चादर काढून माझ्याकडे दिली आणि स्टेपनी काढायला लागले. भासऱ्यांनी जॅक लावला. दोघांनी मिळून बाहेरचं आणि आतलं चाक काढलं. मग स्टेपनी उचलून बसवताना भासरे म्हणाले, "धर."

हे म्हणाले, "धरलं."

"सोडू नोको."

"नाई सोडत."

सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी चादरीची घडी करत राहिले.

तुमसर

तुमसरला राइस मिलजवळ रामाजीचं टायरचं दुकान आहे. पोट सुटलेला, बोलका माणूस. काढून आणलेलं टायर त्याने जमिनीवर लोळवलं, आत हात फिरवला. आतला थर सुटून त्याचा भुगा झाला होता.

"खिळा नाई, काच नाई. कोणी मारलं याले?"

"हवा कमी होती," भासरे म्हणाले.

"काहून कमी?"

"उन्हाळा हाय म्हणून सोडली."

"उन्हाळ्यात तुमी उपाशी राह्यता का जी, थंड वाटते म्हणून?" रामाजीने कोपऱ्यातला तारेचा तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी तो एका जागी वाकवायला, सरळ करायला लागला. मग भासऱ्यांच्या बोटाला लावला. भासऱ्यांनी बोट मागे घेतलं. "लागला ना चटका? तसंच हाय हे. हवा कमी असली का टायरचं पोट दबते, सुटते, दबते, सुटते. त्यानंच तापते. उन्हानं नाई मरत ते, वाकून वाकून मरते."

आमचे हे जरासे हसले. रामाजी त्यांच्याकडे वळला.

"तू कायले हासून राह्यला? तू किती ठेवतं?"

"पूर्ण. काट्यावर मोजून."

"कवा मोजतं?"

"दुपारी. चहाले थांबलो का."

"मंग तुहीबी कमीच हाय. चालून चालून तापलेलं चाक काट्यावर जास्तच दाखवते. तुले वाटते भरलं. सकाळी तेच मोजलं तर कमी निंगते. मोजाचं ते सकाळी, गाडी हलाच्या आधी. आन् तापल्या चाकातून हवा कवाच सोडाची नाई, हे दोघंबी ध्यानात ठेवा."

सासूबाई बाकावर पाय हलवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे दोघंबी येडे. मंग घर कायले वाटलं?"

मी पदर तोंडात धरला. रामाजीला काही समजलं नाही, पण तो खूप हसला.

तापल्या चाकांत मोजून हवा भरायला त्याने नकार दिला. "आता काटा खोटं बोलंन. रातभर थंड होऊ द्या." म्हणून त्या दिवशी तुमसरला मुक्काम पडला. मिलच्या आवारात आम्ही चूल मांडली. मिलमधल्या बायांनी तांदळाची कणी आणि वांगी दिली. भात आणि वांग्याची भाजी केली. दोघे भाऊ एकाच पंगतीत बसले, मधे सासूबाई. यांच्या पानात भात कमी दिसला तेव्हा भासऱ्यांनी आपल्या हाताने भाताचं भांडं तिकडे सरकवलं.

सकाळी ऊन पडायच्या आधी रामाजीने पाइप ओढत आणला. आधी ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं, आतलं आणि बाहेरचं दोन्ही. मग टोचनवरच्या गाडीची पुढची दोन चाकं, दोन्हींत सारखीच. एकात कमी एकात जास्त झाली तर गाडी एकाच अंगाला ओढते आणि मागच्याला स्टेअरिंग आवरत नाही, असं तो म्हणाला. किती पौंड भरली ते मी इथे लिहीत नाही. टायर कोणतं आणि ओझं किती त्याप्रमाणे तो आकडा बदलतो, असं त्याने बजावून सांगितलं.

रामाजीने पाइप लावला तेव्हा भासरे काट्यापासून दूर झाले. "पाह्य गा लहान्या, किती दाखवते."

यांनी वाकून पाहिलं आणि आकडा सांगितला. रामाजी पुढच्या चाकाकडे गेला. दोघे भाऊ त्याच्या मागे गेले.

मोहाडीवरून भंडारा

निघताना सासूबाई पुन्हा मागच्याच गाडीत बसल्या. आता तर त्या गाडीची खिडकी त्यांना आवडायला लागली होती. मी पुढे. मोहाडी जवळ आली तेव्हा भासऱ्यांनी तसबिरीला विचारलं, "देवी, इथं थांबाचं हाय का?" मी मान हलवली.

टोचनवरची गाडी गल्लीत नेता येत नाही, म्हणून सडकेवरच थांबलो. निरोप गेला आणि आई आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, बांधून आणि ताकाची कळशी घेऊन आली. मागोमाग बाबा हातमागावरून उठून आले, बोटांना खळ लागलेली. यांच्या तापाची विचारपूस झाली. मग बाबा चाकांपाशी गेले. मागावरच्या ताण्यावर हात फिरवतात तसा त्यांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "बरा ताणलाय." आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "एवढ्या बाप्यायसंग तू एकटी?" मी म्हटलं सासूबाई आहेत. आईने सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून हात बाहेर काढून आमच्या गल्लीतल्या पोरांना मोहाचा लाडू दाखवत होत्या.

भंडाऱ्याला वर्कशॉपच्या दारात साखळी सोडली. मिस्त्रीने इंजिन पाहून सांगितलं, काम मोठं आहे, पूर्ण पावसाळा लागेल. यांचा चेहरा उतरला. पावसाळा संपेपर्यंत गाडी नाही म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

भासरे सासूबाईंना म्हणाले, "माय, लहान्याले म्हणावं, तवापर्यंत माह्याच गाडीवर..."

"तूच म्हण," सासूबाई म्हणाल्या. "तोंड हाय ना तुले."

भासऱ्यांनी रस्त्याकडे पाहिलं, वर्कशॉपच्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माही गाडी दोघं चालवू. एक दिवस तू, एक दिवस मी."

"बरं," हे म्हणाले.

बांबू उतरवून आम्ही चौघं एकाच गाडीत आसगावला आलो. यांची गाडी दुरुस्त होऊन दिवाळीच्या आधी घरी आली. चुली अजून वेगळ्याच आहेत, पण आता कोणतीही गाडी कोणीही नेतो.

भासरे माझ्याशी बोलत नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलत नाही. रीत आहे तशीच आहे. फक्त सकाळी गाडी निघायच्या वेळी ते चढून बसतात आणि इंजिन सुरू करत नाहीत. समोर पाहत, हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहतात. मी पदर घेऊन बाहेर येते, मागच्या चाकांभोवती फिरते, फटीतून हात घालून आतलं चाक दाबून पाहते. मग घरात जाते. माझ्या मागे दार लोटल्याचा आवाज झाला की मगच त्यांची गाडी सुरू होते.